धुरळ्याचं बजेट

दिवाळी उलटली की आमच्याकडं एकाच दिवसात दोन ऋतू राहायला येतात. सकाळी अंगावर काटा आणणारा गारठा, आणि दुपारी डोकं तापवणारं ऊन. परवा अशाच एका सकाळी मी क्रांती चौकाच्या सिग्नलला थांबले होते. पुढं कुणीतरी जुनी टू-स्ट्रोक गाडी घेऊन उभा होता. सिग्नल सुटला, त्यानं मूठ पिळली आणि निळसर धुराचा लोट मागच्या सगळ्यांच्या तोंडावर आला. लोकांनी नाकाला रुमाल लावले. मी हेल्मेटची काच वर केली आणि छाती भरून तो वास घेतला. जळक्या ऑइलचा, किंचित गोडसर, घशाला लागणारा वास. मागच्यानं हॉर्न वाजवला तेव्हा भानावर आले.

शर्यत म्हटलं की लोकांना वेग आठवतो. मला आधी बेरीज आठवते. त्या वासाबरोबर माझ्या डोळ्यांपुढं येते शंभर पानी वही, तिच्यातल्या निळ्या रेघा आणि डाव्या बाजूला मी आखलेला समास. आमच्या मातीतल्या मोटारसायकल शर्यतींच्या त्या एका हंगामाचं सगळं बजेट मी केलं होतं. पुढं जे जे घडलं ते त्या वहीतल्या आकड्यांच्या मागोमागच घडत गेलं.

तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. वाळूजच्या एका कारखान्यात स्टोअरला होते. किती बेअरिंगं आली, किती गेली, किती उरली, हे लिहायचं माझं काम. माझा थोरला भाऊ मिलिंद, म्हणजे दादा, शेजारच्याच कारखान्यात मशीनवर होता. त्याच्याच लाईनवर किसन. किसन सिल्लोडकडचा, धनगराच्या घरातला. त्याचे वडील तेव्हाही मेंढरं घेऊन चाऱ्याच्या मागं सहा-सहा महिने फिरायचे. किसन मात्र आयटीआय करून वाळूजला आला, खोली करून राहिला, आणि पहिल्याच आठवड्यात दादाला म्हणाला होता, "तुमच्या शहरात मला एकच गोष्ट आवडली. हितं भंगारात लई चांगल्या वस्तू भेटत्यात."

त्या भंगारातूनच दोघांनी गाडी उभी केली. इंजिन एकीकडचं, चॅसी दुसरीकडची, टाकी तिसरीकडची. पेट्रोलच्या टाकीवर आधीच्या मालकानं रंगवलेलं गुलाबाचं फूल होतं. ते घासून काढायचा खर्च मी मंजूर केला नाही. त्यामुळं दादा अख्खा हंगाम गुलाबाच्या फुलावर बसून शर्यती पळला.

आमच्या ट्रॅकला पैसे पडत नव्हते. तो दुष्काळानं करून दिला होता. सलग दुसऱ्या वर्षी पाऊस नुसता तोंड दाखवून गेला होता. उस्मानपुऱ्यात आमच्या नळाला पाचव्या दिवशी पाणी यायचं, तेही करंगळीएवढ्या धारेनं. वाळूजच्या पुढं आत एका गावाजवळचा पाझर तलाव पार तळापर्यंत आटला होता. गाळाला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. शेतकऱ्यांनी ट्रॅक्टर लावून जागोजाग गाळ उचलून नेला, आणि त्या उपशानं तळात खड्डे, उंचवटे, उतार असं सगळं आपोआप तयार झालं. पैसे देऊन बांधून घेतला असता तरी असा ट्रॅक झाला नसता. रविवारी सकाळी आम्ही तिथं जायचो. ज्या जागी माणसाच्या डोक्यावर पाणी असायला हवं, तिथं दादा गाडी उडवायचा आणि किसन काठावर बसून इंजिनाचा आवाज ऐकायचा. आपण ज्याच्यावर मजा करतोय तो कुणाचा तरी आटलेला तलाव आहे, हे मनाला लागायचं. मग गाडी सुरू व्हायची, आणि पुढचे दोन तास काहीच लागायचं नाही.

बजेट ठरलं ते दिवाळीनंतरच्या एका दुपारी, आमच्या घरात. बाबा खिडकीपाशी पेपर वाचत होते. आमचे बाबा सरकारी छापखान्यात बाइंडर होते, नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांना हे शर्यतीचं खूळ पसंत नव्हतं. "पैसे घालवून धुरळा खायचा," एवढंच ते म्हणत. अडवत नसत, पण एकदाही पाहायला आले नव्हते.

हंगामात तीन शर्यती होत्या. पहिली आणि शेवटची नाशिकला, मधली आपल्याच गावात. मी लिहीत गेले. एंट्री फी. लायसन्स. टायर. चेन आणि स्प्रॉकेट. ब्रेकचे शू. ऑइल, पेट्रोल. गाडी न्यायला टेम्पो. जेवण. दोन वेळा रिबोर, म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कोरून घेणं. बेरीज शेहेचाळीस हजारांवर गेली. दादाचा बोनस, किसनची शिल्लक आणि माझे आठ हजार धरून आमच्याकडं तीस होते.

"दोनच शर्यती पळू मग," दादा म्हणाला.

"तीन," मी म्हणाले. "थांब जरा. अजून एक राहिलंय लिहायचं." आणि मी खाली लिहिलं, 'पडझड – चार हजार.'

दादानं वही ओढली. "हे काय? असलं नको लिहू. लिहिलं की घडतं."

"नाय लिहिलं तरी घडतं. फक्त तेव्हा पैसे नसतात."

"आपल्याकडं आधीच सोळा कमी हायत, अन् तू अजून चार वाढवते."

किसन हसायला लागला. "राहू दे रे. आमचा बा कळप घेऊन निघतो तवा चार मेंढरं वाटेत जाणार, असंच धरून निघतो. म्हणून तर त्याला झोप लागती."

बाबांचा पेपर क्षणभर खाली आला आणि पुन्हा वर गेला.

मग वीस हजार कमी करायचा खेळ सुरू झाला. त्यातली मजा मी अजून विसरलेले नाही. पैसे असते तर आम्ही दुकानात गेलो असतो, सामान आणलं असतं, संपलं असतं. पैसे नव्हते म्हणून आम्हाला माणसं भेटली. उस्मानपुऱ्यात गाड्यांच्या जुन्या सामानाचं दुकान होतं रशीदचाचांचं. मी नव्या टायरचा भाव विचारायला गेले, तर त्यांनी मला स्टूल दिलं, चहा मागवला आणि म्हणाले, "नया टायर कायकू? पहली रेस में तेरा भाई गिरताच है. नक्को. पुणेवाले पोट्टे एक रेस चलाके फेंक देते. मैं मंगाता तेरे वास्ते. गुटके थोडे घिसे हुए, लेकिन जान है उसमें." ते टायर पाव किमतीत आले. रबराच्या उंचवट्यांना रशीदचाचांनी स्वतः करवतीच्या पात्यानं धार काढून दिली. एक-एक गुटका, दोन टायरचे मिळून शेकडो. तीन दुपारी ते हेच करत होते. मजुरी विचारली तर म्हणाले, "दुष्काळ है बेटा. गिऱ्हाइक नै. हात को काम तो मिला."

टेम्पोचं किसननं जमवलं. त्याच्या ओळखीचा एकजण द्राक्षांचे रिकामे क्रेट घेऊन नाशिककडं जायचा आणि भरलेले घेऊन परत यायचा. क्रेटच्या मधोमध गाडी बांधायची, बदल्यात आम्ही तिघांनी माल चढवायचा-उतरवायचा, असं ठरलं. जेवणाचा रकाना मी खोडूनच टाकला. भाकऱ्या, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि कांदे, सगळं घरून.

पाण्याचंही बजेट करावं लागलं. सरावानंतर गाडी धुवायला दोन बादल्या लागतात, आणि त्या घरातून काढणं आम्हा कुणालाच शक्य नव्हतं. आई असती तर तिनं आम्हालाच घराबाहेर काढलं असतं. मग आम्ही गाडी कोरडी धुवायला शिकलो. आधी केरसुणीनं झाडायची, मग जुन्या टूथब्रशनं फटी, मग रॉकेलचा बोळा, आणि शेवटी रशीदचाचांच्या कॉम्प्रेसरची हवा. हवेचा झोत सोडला की इंजिनाच्या पात्यांमधून तलावाची पांढुरकी माती भसकन बाहेर यायची आणि आम्ही तिघं पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसायचो.

पहिला रिबोर झाला तेव्हा नवं पिस्टन बसवलं. नव्या पिस्टनला सुरुवातीचे काही तास हळू फिरवून मोकळं करावं लागतं. जोरात घेतलं तर ते आत धरतं, इंजिन जाम होतं आणि पैसे पाण्यात. दादाला हळू चालवणं जमायचं नाही. किसन म्हणाला, "नंदाला बसवा. तिनं पैसे मोजलेत. ती जोरात घेणारच नाय."

मला गाडी येत होती, वाळूजला मी रोज दादाची जुनी गाडी घेऊन जायचे. पण तलावाच्या तळात, भेगांवरून, मुठीत हा एवढा हलका राक्षस धरून फिरणं वेगळं होतं. चार रविवार मी त्या आटलेल्या तळात गोल-गोल फिरले. पहिल्या दिवशी हात एवढे आखडले की घरी येऊन मला वेणी घालता येईना. किसन काठावरून ओरडून शिकवायचा. "पुढच्या चाकाकडं बघू नको. लांब बघ. पांढुरकी माती दिसती का? ती घट्ट हाय. काळी दिसली की समज भुसभुशीत. आमची म्हातारी मेंढी असंच बघून चालती, बाकीच्या तिच्या मागं." मी म्हातारी मेंढी होऊन चालवायला लागले, आणि तिसऱ्या रविवारी लक्षात आलं की मी गाणं गुणगुणतेय. चौथ्या रविवारी किसनचा आवाज आला, "ए, पिस्टन मोकळं झालं कधीच. उतर आता." मी आणखी एक फेरी मारून उतरले.

नाशिकची पहिली शर्यत ठीक गेली. दादा बारा जणांत पाचवा आला. टेम्पोत क्रेटच्या कडेला बसून भाकरी खाताना तो एकच वळण आम्हाला नऊ वेळा सांगत होता, आणि नवव्या वेळी ते वळण पहिल्या वेळेपेक्षा खूपच अवघड झालेलं होतं.

दुसरी शर्यत आपल्या गावात होती, बीड बायपासच्या पलीकडं. तेव्हा तिकडं नुसती मैदानं होती. जागोजाग चुन्याच्या रेघा मारलेल्या, प्लॉटचे दगड रोवलेले, मोठमोठे बोर्ड लागलेले, आणि घर एकही नाही. एका बिल्डरनं आपली जागा शर्यतीला दिली होती. लोक येतील, जागा पाहतील, असा त्याचा हिशेब. आज तिथं चार मजली इमारतींची रांग आहे. माझी एक मैत्रीण तिथं राहते. तिच्या घरी गेले की मी खिडकीतून खाली बघते आणि मनात म्हणते, हिचं पार्किंग आहे तिथं शेवटचं वळण होतं.

त्या दिवशी धुरळा बसवायला आयोजकांनी दोन टँकर सांगितले होते. कोरड्या मुरमावर गाड्या पळाल्या की मागच्याला पुढचं काही दिसत नाही, म्हणून आधी पाणी मारतात. पहिला टँकर मैदानात वळला, आणि पलीकडच्या वस्तीतून बाया पळत आल्या. हंडे, घागरी, ऑइलचे डबे, प्लास्टिकच्या कळश्या. त्यांना वाटलं, त्यांचाच टँकर आला. त्यांची पाण्याची पाळी चुकलेली होती. भराभरा रांग लागली. ड्रायव्हर खिडकीतून सांगत होता, "हे तुमचं नाय मावशी, हे मैदानाला हाय."

रांगेत पुढं एक म्हातारी होती, हिरवं लुगडं नेसलेली. तिनं घागर खाली ठेवली आणि शांतपणे विचारलं, "मैदानाला तहान लागती व्हय, बाबा?"

सुरुवातीच्या रेषेवर पंधरा-वीस पोरं हेल्मेट काखेत घेऊन उभी होती, बूट, गुडघ्याला पट्टे, सगळं घालून. आयोजक बिचारे घामाघूम झाले होते. ते म्हणाले, "पाणी न मारता सोडलं आणि कुणी पडलं, तर जबाबदारी माझी आहे."

दादा पुढं झाला. "सर, कमी-कमी गाड्या सोडा. चार-चारच्या तुकड्या करा. सुकंच पळू आम्ही."

"मग पुन्हा तक्रार करायची नाही."

"नाय करत," दादा म्हणाला, आणि बाकीच्यांकडं वळून बघितलं. कुणीतरी मान हलवली, मग सगळ्यांनीच हलवली. पुण्याचा एकजण हेल्मेट जमिनीवर ठेवून सरळ जाऊन टँकरचा पाइप धरून उभा राहिला.

मला त्या हंगामातलं एकच चित्र ठेवता आलं असतं तर मी हे ठेवलं असतं. शर्यतीच्या कपड्यांतली पोरं रांगेनं हंडे भरून देतायत, एवढाल्या बुटांमुळं बदकासारखी चालत वस्तीपर्यंत नेऊन पोचवतायत, आणि बाया त्यांना हसतायत. किसननं तर दोन घागरी डोक्यावर एकावर एक घेतल्या. दुसरा टँकरही वस्तीतच रिकामा झाला. शर्यत दीड तास उशिरा सुरू झाली आणि सगळी वस्ती दोरीपाशी येऊन उभी राहिली.

तिसऱ्या फेरीत दादा पडला. पुढच्या गाडीच्या धुरळ्यात त्याला वळण दिसलं नाही. तो सरळ गेला, प्लॉटच्या दगडाला चाक लागलं, आणि तो खांद्यावर आपटला. आम्ही पोचायच्या आधी ती हिरव्या लुगड्याची म्हातारी पोचली होती. तिनं आपल्या घागरीतलं पाणी ओंजळीनं त्याच्या तोंडाला लावलं. "पी रे, लेकरा. घे, अजून घे. लई हाय."

कॉलर बोन मोडलं होतं. एक्स-रे, पट्टा, औषधं आणि सहा आठवडे घरी.

संध्याकाळी बाबांनी दादाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "झालं समाधान? आता बंद करा हे. दवाखान्याला पैसे कुणाकडून घेतले?"

"कुणाकडून नाय," मी म्हणाले. "बजेटमधूनच दिले."

"वही दाखव."

मी वही दिली. त्यांनी चष्मा लावला. आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं शिवलेली बोटं माझ्या पानांवरून एकेक ओळ खाली येत गेली. 'पडझड'पाशी बोट थांबलं.

"हे कधी लिहिलं?"

"पहिल्याच दिवशी. तुम्ही इथंच बसला होता."

"चार हजार. अन् खर्च किती झाला?"

"अठ्ठावीसशे."

त्यांनी वजाबाकी मनाशी करून बघितली. मग वही मिटली, तिचा कणा तपासला, सैल वाटला म्हणून अंगठ्यानं दाबला, आणि माझ्या हातात परत दिली. बंद करा, हे त्यांनी पुन्हा म्हटलं नाही.

शेवटच्या शर्यतीला महिना होता. दादाची फी आधीच भरलेली होती, ती परत मिळणार नव्हती आणि दुसऱ्याच्या नावावरही होणार नव्हती. मी हंगाम मिटवायला घेतला होता. दादा गळ्यात पट्टा अडकवून पडल्या पडल्या शर्यतीचा कागद वाचत होता. वाचता वाचता उठून बसला.

"नंदा, लेडीज क्लासला, बायकांच्या गटाला, फी नाय. माफ केलीय यंदा. फक्त एका शर्यतीचं लायसन्स काढायचं."

"मग?"

"मग काय? गाडी हाय, टायर हायत, टेम्पो ठरलाय. पेट्रोलचे पैसे शिल्लक हायत का नाय, ते तूच सांग."

होते. मला तो आकडा तोंडपाठ होता, आणि पहिल्यांदाच आपल्याला आकडे येतात याचं वाईट वाटलं. नाही म्हणायला पैशांचं कारण उरलं नव्हतं. जे कारण होतं ते भीतीचं होतं, आणि ते बोलून दाखवायची लाज वाटत होती.

पुढच्या रविवारी किसननं तलावात गाडी आणून माझ्यापुढं उभी केली आणि म्हणाला, "पिस्टन पुन्हा मोकळं करायचंय." पिस्टन तर तेच होतं. मी बसले.

बाबांना मी सरळ सांगितलं. लपवून जायचं नव्हतं. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "हेल्मेट आण." हनुवटीखालचा पट्टा दोन्ही हातांनी ओढून बघितला. मग दादाची शर्यतीची पँट मागितली. ती मला घोळदार होत होती. त्यांनी ती उसवली, आत गुडघ्यांवर जाड फोमचे तुकडे ठेवले आणि बाइंडिंगच्या मेणलेल्या दोऱ्यानं शिवून दिली. "हा दोरा तुटत नाय," एवढंच बोलले. मी ती पँट घातली तेव्हा गुडघे नीट वाकेनात, पण मी ते सांगितलं नाही.

नाशिकला आम्ही पाचजणी होतो. माझ्या उजवीकडं निळ्या जर्सीतली एक मुलगी होती, तिथलीच. तिनं हात पुढं केला. "पहिल्यांदाच?" मी मान हलवली. "वळणाला पाय काढ, घाबरू नकोस," ती म्हणाली आणि काच खाली केली.

झेंडा पडला. मी क्लच एवढ्या जोरात सोडला की गाडी बंदच पडली. चौघी निघून गेल्या. तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली तेव्हा लोक हसत होते. ते हसणं मला हेल्मेटमधूनही ऐकू आलं. पहिली फेरी मी कशी मारली ते मला आठवत नाही. दुसऱ्या फेरीत उतारावर चाक घसरलं, मी पाय टेकवला, आणि पडले नाही. त्यानंतर काहीतरी सुटलं. मी एवढी मागं होते की माझ्या पुढचा धुरळा बसलेला असायचा. ट्रॅक सगळा स्वच्छ दिसत होता. घट्ट मुरूम कुठं, भुसभुशीत कुठं, सगळं. मी मूठ पिळली. सहा महिने मी या गाडीचा एकेक रुपया मोजला होता. तिच्या चेनचा भाव मला माहीत होता, टायरच्या प्रत्येक गुटक्याला किती वेळ लागला ते माहीत होतं. आणि आता ते सगळं माझ्याखाली एका आवाजात पळत होतं, आणि मला त्यातलं काहीच मोजावंसं वाटत नव्हतं. चौथ्या फेरीत माझ्या लक्षात आलं की मी हसतेय. हेल्मेटमध्ये, एकटी, मोठ्यानं. दातांवर माती बसत होती.

पाचव्या फेरीच्या शेवटी एकजण पुढं दिसली. सहाव्या फेरीत वळणावर ती बाहेर गेली, मी आतून घट्ट जमिनीवरून काढली. पाचांत चौथी आले. निळ्या जर्सीवाली पहिली आली, आणि शेवटच्या रेषेवर थांबून तिनं माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या.

किसननं गाडी धरली. "चौथी," मी म्हणाले.

"एक तरी मागं टाकली की," तो म्हणाला. "मी म्हटलो होतो मिल्याला, ही गाणं म्हणत चालवती, ही थांबायची नाय."

दादाला एका हातानं मिठी मारता येईना, म्हणून त्यानं माझ्या हेल्मेटवर टपली मारली.

पडझडीचे बाराशे शिल्लक होते. त्यातून मी दोन क्रेट द्राक्षं घेतली. परतीच्या वाटेवर टेम्पोत गाडीला टेकून आम्ही तिघांनी एक क्रेट संपवला. येवला गेलं, वैजापूर गेलं, दोन्ही बाजूंना उघडी, वाळलेली रानं, आणि आमचे हात गोड चिकट झालेले. हंगामाचा हा शेवटचा खर्च मी वहीत लिहिला नाही. दुसरा क्रेट रशीदचाचांच्या दुकानात गेला. त्यांनी एक द्राक्ष तोंडात टाकलं, टायरवरून हात फिरवला आणि म्हणाले, "देख, बोला था ना मैं. जान है."

घरी बाबांनी चहा केला होता. मला कप दिला आणि समोर बसले.

"किती फेऱ्या होत्या?"

"सहा."

"भीती वाटली?"

"पहिल्या दोन फेऱ्यांत."

"मग?"

"मग विसरले."

त्यांनी चहा संपवला, कप विसळून ठेवला. दाराशी जाऊन थांबले. म्हणाले, "तो तलाव कुठं आहे तुमचा?"

पुढच्या रविवारी ते आमच्याबरोबर आले. काठावर दगडावर बसून त्यांनी अर्धा तास मला फिरताना बघितलं. मग चप्पल काढून उतारावरून खाली आले, तळात, भेगा ओलांडत. त्यांनी तीस वर्षं सायकलवरून छापखाना गाठला होता. मोटारसायकलवर ते आयुष्यात कधी बसले नव्हते, मला हे त्या दिवशी कळलं. सीट बदलायला आमच्याकडं पैसे नव्हते म्हणून मूळची लांब सीट तशीच होती. किसननं मागच्याचे पाय ठेवायचे दांडे वजन कमी करायला काढून ठेवले होते, ते पेटीतून शोधून बसवले. बाबांनी दादाचं हेल्मेट घातलं, पट्टा ओढून बघितला आणि माझ्या मागं बसून माझे खांदे घट्ट धरले.

मी पहिल्या गिअरवर, अगदी बैलगाडीसारखी, एक फेरी मारली. त्यांच्या बोटांची पकड मला हाडापर्यंत जाणवत होती. दुसऱ्या फेरीत ती थोडी सैल झाली. मला वाटलं, पुरे, आता थांबावं, म्हणून मी मूठ सोडत आणली.

मागून हेल्मेटमधून आवाज आला, "नंदा, जरा जोरात घे की."